रंग मोडला की नुसता नेसला? मातीतल्या बुरशीकडून कापडाचा रंग मोडून घेण्याची सविस्तर पद्धत

दर वर्षी दिवाळीनंतर एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं प्रोजेक्टसाठी हाच विषय घेऊन माझ्याकडे येतात: मातीतली बुरशी आणि कापडाचा रंग. माती फुकट मिळते, रंग चिमूटभर पुरतो आणि तीन-चार दिवसांत निळं पाणी नितळ झालेलं डोळ्यांना दिसतं. मग एखादी मुलगी फ्लास्क हातात धरून धावत येते, "मॅडम, नव्वद टक्के गेला!" मी पाण्याकडे बघतच नाही. तळाशी बसलेल्या बुरशीच्या गोळ्या बघते. त्या निळ्याशार असतील तर रंग कुठेही गेलेला नाही, बुरशी तो नेसून बसली आहे.

इथे पद्धत सांगते ती हा फरक पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर ठेवून. महाविद्यालयाच्या साध्या लॅबमध्ये सगळं जमतं. जिथे मोठी उपकरणं लागतात तिथे तसं सांगेन.

इंदुरात हा विषय परका नाही. मालवा मिल, कल्याण मिल, स्वदेशी ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. माझे आजोबा अशाच एका गिरणीच्या रंगखात्यात होते. रविवारी रामबागेतल्या घरी जेवायला बसले तरी त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या. गिरण्या गेल्या, पण रंगकाम गेलं नाही. उज्जैनच्या भैरवगढला बाटिक चालतं, धार जिल्ह्यात बागची छपाई आणि शहरात लहान-लहान डाइंग युनिटं. आणि बुरशीकडून काम करून घेण्याची परंपरा तर इथलीच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काडीकचरा कुजवून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते.

बुरशीला रंग का मोडता येतो

लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन हे फार वेडंवाकडं संयुग आहे. त्याला ठरावीक साचा नाही, त्यामुळे एकाच कुलपात बसणारी किल्ली तिथे चालत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरश्या म्हणून बोथट पण कुठेही चालणारी हत्यारं पेशीबाहेर सोडतात: लॅकेज, मँगनीज पेरॉक्सिडेज, लिग्निन पेरॉक्सिडेज. कृत्रिम रंगांतही तशीच बेंझिनची कडी असतात, म्हणून ही एन्झाइमं त्यांच्यावरही चालतात. १९८३ मध्ये ग्लेन आणि गोल्ड यांनी फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही बुरशी रंगांचे मोठाले रेणू बेरंग करते हे दाखवलं, तेव्हापासून या कामाला वेग आला. या बुरशीला ३७ ते ४० अंश तापमान आवडतं. आपल्याकडे मे महिन्यात तिला इन्क्युबेटरची गरज नाही.

एक गोष्ट मनात पक्की करा. बुरशी रंग 'खात' नाही. तिचं पोट ग्लुकोजवर, कोंड्यावर भरतं, रंग जाता जाता मोडला जातो. खायला काही न देता नुसत्या रंगाच्या पाण्यात बुरशी सोडली तर ती उपाशी मरते.

जिवाणूही ॲझो रंग (ज्यांच्या रेणूत दोन नायट्रोजनची जोडी असते ते) बेरंग करतात, पण हवा नसताना ते नायट्रोजनची जोडी मधोमध तोडतात आणि ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे बेंझिनचं कडं असलेली नायट्रोजनची संयुगं, मागे राहतात. त्यातल्या काही, उदाहरणार्थ बेंझिडीन, कर्करोगाला कारण ठरतात. म्हणजे पाणी नितळ आणि आधीपेक्षा विषारी, असंही होऊ शकतं. बुरशीची ऑक्सिडेशनची वाट बहुतेक वेळा हा खड्डा टाळते. पण 'बहुतेक वेळा'वर विसंबून पाणी नाल्यात सोडायचं नसतं.

माती कुठून घ्यायची

मुलं कॉलेजच्या मैदानातली माती घेऊन येतात आणि प्लेटभर काळा ॲस्परजिलस नायगर उगवतो. तोही कामाचा आहे, पण तो मुख्यतः रंग शोषतो. मोडणारी बुरशी हवी असेल तर जिथे लाकूड कुजतंय तिथे जा: पडलेल्या आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या ओंडक्याखालची माती, लाकडाच्या वखारीची मागची बाजू, जुनं कुंपण. दुसरी चांगली जागा म्हणजे रंगाचं पाणी वर्षानुवर्षं जिरलेली नालीकाठची माती. तिथल्या बुरश्यांना रंगाची आणि मिठाची सवय झालेली असते. कुणाच्या युनिटमागची माती असेल तर आधी विचारून घ्या.

वरचा पाला बाजूला करा, ५ ते १० सेंटिमीटर खोलीवरून साधारण ५० ग्रॅम माती स्पिरिटने पुसलेल्या चमच्याने स्वच्छ पिशवीत घ्या. तारीख, जागा, झाडाचं नाव पिशवीवरच लिहा. उन्हात वाळवू नका. त्याच दिवशी काम होणार नसेल तर फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवा. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की सर्वांत चांगलं पीक मिळतं.

माळव्याच्या काळ्या मातीचा एक खोडकरपणा इथेच सांगते. तिच्यातली फुगणारी चिकणमाती धनभारित रंगांना अशी धरते की मेथिलिन ब्लूचा उपयोग चिकणमातीचं पृष्ठफळ मोजायलाही करतात. म्हणून 'मातीच रंगाच्या पाण्यात टाकून बघू' हा प्रयोग इथे करू नका. रंग नक्की जाईल, आणि त्यात बुरशीचा हात नसेल.

प्लेटवर उगवणं

बटाटा-डेक्स्ट्रोज अगार (बुरशी वाढवायचं थिजणारं माध्यम) विकतचा असेल तर लिटरला ३९ ग्रॅम. घरचा करायचा तर २०० ग्रॅम बटाट्याचे काप अर्धा तास उकळून गाळा, त्यात २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार घालून एक लिटर करा. ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. ऑटोक्लेव्ह नादुरुस्त असेल (आणि तो प्रोजेक्टच्या महिन्यात नादुरुस्तच असतो) तर प्रेशर कुकर चालतो. पहिल्या शिटीनंतर आच मंद करून २५ ते ३० मिनिटं ठेवा. जिवाणू रोखायला लिटरमागे १०० मिलिग्रॅम क्लोरॅम्फेनिकॉल. काही पुस्तकं यासाठी रोझ बेंगाल अगार सुचवतात. इतर कामांना तो उत्तम, पण रोझ बेंगाल हा स्वतःच एक रंग आहे. रंगाच्या प्रयोगात आणखी एक रंग कशाला?

१० ग्रॅम माती ९० मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये, म्हणजे ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात, २० ते ३० मिनिटं हलवा. काळ्या मातीची ढेकळं लवकर सुटत नाहीत, घाई करू नका. पाणी थोडं निवळलं की दहापट-दहापट पातळ करत जा. हजारपट आणि दहा हजारपट पातळ केलेल्यातून ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरा आणि २८ अंशाला ठेवा.

दुसऱ्या दिवशी राइझोपसचा कापूस झाकणापर्यंत येईल, तिसऱ्या दिवशी ट्रायकोडर्मा हिरवा पसरेल. मंद वाढणाऱ्या पांढऱ्या, सपाट, बीजाणू न दिसणाऱ्या वसाहती कोपऱ्यात दबून असतात आणि नेमक्या त्याच आपल्याला हव्या असतात. म्हणून रोज बघा. दिसली की तिच्या कडेचा टोकाचा धागा सुईने उचलून नव्या प्लेटवर न्या. दोन-तीनदा असं केल्यावर शुद्ध वाण मिळतो. ज्या ओंडक्याखालची माती घेतली त्याची कुजकी ढलपी सरळ अगारवर ठेवली तर अनेकदा मातीपेक्षा चांगलं फळ मिळतं.

सोबत एक ओळखीचा गडी ठेवा. ढिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं बियाणं विकत मिळतं, तिचे धागे अगारवर सहज वाढतात आणि ती लॅकेज बनवते हे पक्कं माहीत आहे. तुमच्या प्लेटवर ढिंगरीही रंग मोडत नसेल तर चूक बुरशीची नाही, माध्यमाची आहे.

काळजीचे दोन शब्द. मातीतून ॲस्परजिलस फ्लेव्हस आणि ॲस्परजिलस फ्युमिगेटस हमखास येतात. पहिला अफ्लाटॉक्सिन हे विष बनवतो, दुसरा फुप्फुसात शिरू शकतो. बीजाणू धरलेली प्लेट उघडून नाकाशी नेऊ नका. दमेकरी मुलांना मी हा टप्पा देत नाही.

कोण मोडतो ते ओळखणं

अगारात रंग मिसळून प्लेट ओता. मला पहिल्या चाळणीसाठी रेमाझोल ब्रिलियंट ब्लू आर आवडतो, लिटरला २०० मिलिग्रॅम. तो अँथ्राक्विनोन जातीचा आहे आणि लॅकेज, पेरॉक्सिडेज असेल तर निळ्यावर फिकट वर्तुळ स्वच्छ उमटतं. ॲझो रंगांसाठी रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या, लिटरला १०० मिलिग्रॅम. काँगो रेड सगळ्या लॅबमध्ये पडलेला असतो, पण तो बेंझिडीनपासून बनतो. हातमोजे घातल्याशिवाय त्याची बाटली उघडू नका.

रंग ग्लुकोजबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. अल्कधर्मी पाण्यात तापलेलं ग्लुकोज स्वतःच क्षपण करतं आणि बुरशी यायच्या आधीच रंग उतरू शकतो. रंगाचं दाट द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि अगार हाताला सोसेल इतका निवला की मिसळा.

शुद्ध वाणाच्या वाढत्या कडेची ६ मिलिमीटरची चकती मधोमध उलटी ठेवा. तीन ते दहा दिवस रोज प्लेट उलटून खालून बघा. वसाहतीभोवती फिकट कडं आणि धागे पांढरे, तर हा वाण पुढे न्या. कडं नाही, वसाहतीखालीच फिकट आणि धागे निळे, तर तो नेसणारा. शेजारीच एका प्लेटमध्ये ०.०१ टक्के ग्वायाकॉल घालून तोच वाण लावा. लॅकेज असेल तर तांबूस-तपकिरी कडं येतं.

फ्लास्कमधली खरी परीक्षा

प्लेट ही फक्त चाळणी. आकडा फ्लास्क देतो, आणि आकड्याची किंमत कंट्रोलवर, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या फ्लास्कवर, ठरते.

एका लिटर माध्यमाला ग्लुकोज १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम, पीएच ५. नायट्रोजन मुद्दाम कमी ठेवला आहे. फॅनेरोकीटसारख्या बुरश्या नायट्रोजनची चणचण भासली की ही एन्झाइमं सोडतात. लाड करून पेप्टोन वाढवलंत तर बुरशी जाडजूड होईल आणि काम करणार नाही. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर माध्यम, रंग लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम, वाणाच्या चार-पाच चकत्या. शेकर असेल तर मिनिटाला १२० फेरे, नसेल तर स्थिर. सगळे फ्लास्क अंधारात, म्हणजे उजेडाने रंग उडाला अशी शंका राहत नाही.

आता कंट्रोल. एक फ्लास्क रंगासह, बुरशीशिवाय. एक बुरशीसह, रंगाशिवाय. आणि तिसरा, ज्यावरून मी प्रोजेक्टचे निम्मे गुण देते, मेलेल्या बुरशीचा: तोच वाण वेगळा वाढवा, ऑटोक्लेव्ह करून मारा आणि जिवंत फ्लास्कमध्ये जितकी बुरशी आहे तितक्याच वजनाची त्या रंगात सोडा. मेलेली बुरशी मोडू शकत नाही, नेसू मात्र शकते. प्रत्येक प्रकाराचे तीन-तीन फ्लास्क.

रोज ठरलेल्या वेळी ३ मिलिलिटर काढा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी मोजा. रेमाझोल ब्लू ५९२ नॅनोमीटरला, रिॲक्टिव्ह ब्लॅक ५९७ ला, काँगो रेड ४९७ ला. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर कलरीमीटरवर निळ्या-काळ्या रंगांना ६०० च्या आसपासचा फिल्टर चालतो. सुरुवातीच्या आकड्यातून आजचा वजा करा, सुरुवातीच्याने भागा, शंभराने गुणा. समजा जिवंत फ्लास्क १.२४ वरून ०.१८ वर आला, तर ८५ टक्के. मेलेला १.२४ वरून ०.७१ वर आला, तर ४३ टक्के. म्हणजे त्या ८५ मधला जवळपास निम्मा वाटा नुसत्या शोषणाचा असू शकतो. हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. एकटा ८५ लिहिणं म्हणजे वजनाच्या काट्यावर अंगठा ठेवणं.

पीएच मोजायला विसरू नका. याच जागी मी स्वतः तोंडघशी पडले आहे. एम.फिल.ला असताना ॲस्परजिलसने काँगो रेडचा लाल दोन दिवसांत घालवला म्हणून मी सगळ्या विभागाला पोहे-जिलबी खिलवली. काँगो रेड पीएच ५ च्या खाली निळसर व्हायला लागतो आणि ३ ला पुरता निळा होतो, खाली साकाही बसतो, आणि ॲस्परजिलस तर सायट्रिक आणि ऑक्झॅलिक आम्ल ओतत असतो. बाईंनी माझ्या फ्लास्कमध्ये सोड्याचे चार थेंब टाकले आणि लाल परत आला. जिलबीचे पैसे मात्र परत आले नाहीत. मेथिल ऑरेंजची गतही तीच. म्हणून नमुना ७ पीएचला आणूनच मोजायचा.

शेवटच्या दिवशी आणखी तीन गोष्टी करा. गाळलेली बुरशी मिथेनॉलमध्ये किंवा पातळ कॉस्टिकमध्ये तासभर हलवा. जितका रंग सुटून येईल तितका नेसलेला होता. दुसरं, २०० ते ८०० नॅनोमीटर सगळा आलेख काढा. रंगाची सगळी शिखरं सारख्या प्रमाणात खाली आली असतील तर शोषण. दिसणाऱ्या भागातलं शिखर गायब होऊन अतिनील भागात नवा उंचवटा आला असेल तर रेणू खरंच तुटला आहे. तिसरं, पाण्यात एन्झाइम आहे का ते पाहा. एबीटीएस (लॅकेजने हिरवं होणारं रसायन) अर्धा मिलिमोलर, ॲसिटेट बफर पीएच ४.५, आणि ४२० नॅनोमीटरला हिरवा रंग चढतो का. लॅकेज वाढवायला माध्यमात थोडं मोरचूद घालतात, कारण लॅकेजच्या गाभ्यात तांबं असतं. पण तेच तांबं नंतर पाण्यात राहतं. मी ०.१ मिलिमोलरच्या वर जाऊ देत नाही.

मूग काय म्हणतात

तीन पेट्री प्लेट, गाळणकागद, प्रत्येकीत दहा मूग. एकीत साधं पाणी, दुसरीत मूळ रंगाचं, तिसरीत बुरशीने साफ केलेलं, तेही माध्यम आणि पीएच तिन्हीकडे सारखं करून. रोज ५ मिलिलिटर. पाच दिवसांनी किती उगवले ते मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने मापा. तिसऱ्या प्लेटची मुळं दुसरीपेक्षा आखूड असतील तर बुरशीने रंग मोडून आणखी वाईट काहीतरी तयार केलं आहे, टक्केवारी कितीही देखणी असो.

माझ्या मावसभावाचं छोटं डाइंग युनिट आहे. त्याच्या पाण्याचा पहिला फ्लास्क नितळ झाला तेव्हा तो म्हणाला, "ताई, पांढरं झालं ना, मग सोडू का नाल्यात?" म्हटलं, "थांब, आधी मूग पेरू." पहिल्या खेपेला तिसऱ्या प्लेटमध्ये चारच मूग उगवले. दोष रंगाचा नव्हता, मिठाचा होता.

युनिटमधलं खरं पाणी

रिॲक्टिव्ह रंगाचा १० ते ४० टक्के भाग कापडाला न लागता पाण्यात जातो. त्याच पाण्यात सोड्यामुळे पीएच १० ते ११ आणि लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ. बाटिकच्या पाण्यात नॅप्थॉल, कॉस्टिक आणि वर मेणाचे तुकडे. बुरशीला पीएच ५ आणि गोडं पाणी हवं. म्हणून आधी मेण काढा, मग धुण्याचं फिकं पाणी मिसळून मीठ निम्म्यावर आणा, मग पातळ आम्लाने पीएच ५ करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

बुरशी सुटी टाकू नका. घोसाळ्याची सुकी जाळी कापून, ओल्या गव्हाच्या कोंड्यात उकडून, तिच्यावर वाण सहा-सात दिवस वाढवा. पांढरी झालेली जाळी २० लिटरच्या बादलीत १० लिटर पाण्यात सोडा, फिशटँकचा हवेचा पंप लावा, वर फडकं बांधा. कोंड्याऐवजी सोयाबीनचा भुसाही चालतो, माळव्यात त्याला तोटा नाही. अळिंबी काढून झालेले वापरलेले ढिंगरीचे गठ्ठे मिळाले तर सर्वांत सोपं, त्यात एन्झाइम तयारच असतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास येऊ लागला तर जिवाणू वरचढ झाले समजा. पीएच पुन्हा ५ वर आणा. गूळ ओतण्याचा मोह इथे होतो. हिशेब करा: एक ग्रॅम साखर जाळायला सुमारे १.१ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम गुळाने सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) पाच हजारांच्या आसपास चढतो. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची मर्यादा सीओडीला २५० आणि बीओडीला (तीच घाण जिवाणूंना खायला लागणारा ऑक्सिजन) ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. रंग उतरवायच्या नादात पाणी आणखी घाण करण्याची ही हुकमी रीत. गूळ लिटरला अर्ध्या ग्रॅमवर ठेवा आणि बाकीचं पोट कोंड्यावर भरू द्या.

बादलीपर्यंत, फार तर दोनशे लिटरच्या ड्रमपर्यंत, हे मी करून पाहिलं आहे. रोज लाखो लिटर पाणी सोडणाऱ्या कारखान्याला मी हे सुचवणार नाही. लहान युनिटाला मात्र रंग उतरवण्याची पहिली पायरी म्हणून उपयोगी आहे. पुढची प्रक्रिया आणि प्रदूषण मंडळाची परवानगी त्याने टळत नाही. ओळख न पटलेला वाण तर लॅबबाहेर नेऊच नका. आधी डीएनए तपासून जात निश्चित करा.

उरलेली बुरशी

रंग नेसलेली बुरशी बागेत, कंपोस्टात किंवा कचऱ्याच्या गाडीत जात नाही. लॅबमध्ये ती ऑटोक्लेव्ह करून, वाळवून, रासायनिक कचऱ्याच्या डब्यात नाव-तारीख लिहून ठेवतो. युनिटची असेल तर घातक कचरा म्हणून पीथमपूरच्या केंद्राकडे रीतसर पाठवावी लागते.

चांगला वाण तिरक्या अगारवर ४ अंशाला ठेवा आणि दर तीन महिन्यांनी नव्या नळीत न्या. सारखा गोड अगार मिळाला की वाण आळसावतो, वर्षभरात रंग मोडणं विसरतो. मी दर दुसऱ्या खेपेला त्याला लाकडाच्या भुशावर वाढवते, आणि एक जादा नळी वर निर्जंतुक पॅराफिन तेल ओतून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवते, कारण पुढचा कप्पा मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला असतो.